घेर

पहिली नोटीस झाडोरा न काढल्याची होती.
दुसरी, काढल्याची.
दोन्ही एकाच पिशवीत ठेवल्या आहेत,
बीपीच्या गोळ्या येतात त्या पिशवीत.

पहिलीत लिहिलं होतं, बेसा रोड, भूखंड सत्तेचाळीस,
डास, साप, शेजाऱ्यांची तक्रार,
पंधरा दिवसांत साफ करा, नाहीतर दंड.
मी साफ केला.
नवतपा लागायच्या आधी, दोन दिवसांत,
जेसीबीवर एक पोरगा, कोयत्यावर मी.
वाळून खुळखुळणारा तरोटा, बेशरम, गाजरगवत,
आणि मधोमध एक हिवर.

एकतीस वर्षं वीज मंडळात लाइनमन होतो.
धंतोलीतले कडुनिंब, रामदासपेठेतले गुलमोहर,
तारेला टेकली की फांदी खाली.
कोणी काही विचारलं नाही.
उलट सरबत दिलं,
पंखे फिरले म्हणून पोरांनी टाळ्या पिटल्या.
कमरेला पट्टा होता, शिडीवर मंडळाचं नाव होतं.
स्वतःच्या रजिस्ट्रीच्या जागेत
एकच झाड तोडलं,
तर नाव पडलं आरोपी क्रमांक एक,
दौलत शिवराम हेडाऊ, वय सहासष्ट.
क्रमांक दोन तो जेसीबीचा पोरगा, खिलेश बिसेन.
तारखेला त्याची रोजी बुडते.
मी तीनशे देतो, तो दोनशे परत करतो.

सिव्हिल लाइन्स, तिसरा मजला.
उद्यान निरीक्षकाने बुंध्याचा घेर सांगितला,
एकोणऐंशी सेंटिमीटर.
माझे वकील उठले. टेप कापडी होता की लोखंडी?
कापडी.
कापडी टेप ताणला जातो, हे खरं?
ताणला तर जातो.
जमिनीपासून किती उंचीवर मोजलात?
उंचीच राहिली नव्हती, साहेब.
टायपिस्टची बोटं जराशी थांबली.

बाहेर जिन्यात वकील कानाशी आले,
काकाजी, झुडूप म्हणा. नुसतं झुडूप.
झुडपाला कायदा नाही.

आता झुडूप कसं म्हणू?
कोयता झुडपात जातो तेव्हा आवाज ओला येतो.
हिवराचा तसा आला नाही.
टणक आला, कोपरातून दातांपर्यंत आला.
तिसऱ्या घावाला धार दुमडली.
तेव्हाच थांबायचं होतं.
मी घरून कुऱ्हाड आणली.

साक्षीदार क्रमांक तीन, शेजारीण, छाया नंदनवार.
झाड तोडल्याचा फोन तिचा.
साप-डासांचा पहिला अर्जही तिचाच निघाला,
वकील एकदम खुशीत.
तुम्हालाच साफ पाहिजे होतं ना, बाई?
गवत हो, ती म्हणाली. झाड नाही.
मग कोणी न विचारता म्हणाली,
आता साडेदहापासून माझ्या ओट्यावर ऊन येतं,
पोळी लाटते त्या हातावर येतं.
कोर्टाने ते लिहून घेतलं नाही.
असंबद्ध.

परवा प्लॉटवर गेलो होतो.
खुंटाला फुटवे आलेत, कमरेएवढे,
काटे अजून हिरवे, बोटाला मऊ लागतात.
वकील म्हणतात हात लावू नका, पुरावा आहे.
घरी आलो तर दारात तिसरी नोटीस,
झाडोरा वाढला आहे, साफ करा.
पिशवीत ठेवली.

पुढची तारीख अकराची.
न्यायाधीश विचारतील, तुम्हाला काही सांगायचं आहे का?

लाइनमनला एक सवय असते.
तारेला हात लावायच्या आधी ओरडून विचारायची,
बंद आहे का?
खालून कोणी बंद म्हणेपर्यंत
हात उचलायचा नाही.
त्या दिवशी प्लॉटवर
मी कोणालाच विचारलं नव्हतं.

वकिलांना हे चालणार नाही.