टाक

अजनीच्या लोको शेडमधून बाबा आले की आधी हात धुवायचे,
रॉकेलने, मग साबणाने,
मग नुसत्या पाण्याने, ओठ हलवत.
तेव्हाच पुस्तक उघडायचं.
हायेम झिराडकर, फिटर, ग्रेड दोन.
प्रार्थनेला लागणारी दहा डोकी
नागपुरात कधी जमली नाहीत,
म्हणून ते एकटेच वाचायचे, उजवीकडून डावीकडे,
नखात उरलेल्या ग्रीससकट.

सेमिनरी हिल्सवर एक म्हातारे फादर होते.
मासिकं द्यायचे, परत मागायला विसरायचे.
त्यातल्या एकात वाळवंटातल्या फुटक्या रांजणाचा फोटो:
चार अक्षरं, जी आम्ही उच्चारत नाही,
आणि त्यापुढे, ‘आणि त्याची अशेरा’.
बाबा ती ओळ तीन दिवस वाचत होते.
चौथ्या दिवशी आईला सांगितलं,
चोरी कबूल केल्यासारखं.
आई तांदूळ निवडत होती.
म्हणाली, “म्हणजे घरात बाई होतीच की.”

बाबा हसले नाहीत. वहीत लिहिलं:
एल हा कनानी लोकांचा म्हातारा देव.
इस्राएल ह्या शब्दात शेवटी तोच बसलाय,
भाड्याने आलेला, मग मालक झालेला.
खाली पेन्सिलीने, बारीक:
की भाडेकरू आपण?

एकदा सायकलवर जुनापाणीला नेलं.
काटोल रोडचं ऊन, मग माळावर दगडांची वर्तुळं,
कोणाची ते कोणालाच माहीत नाही,
दगडांवर बोटाच्या पेराने दाबल्यासारखे खळगे.
बाबा म्हणाले, आपला एक पूर्वज
असाच दगड उशाला घेऊन झोपला,
सकाळी उठून त्यावर तेल ओतलं.
“मग आपणही शेंदूरवालेच,” मी म्हटलं.
तोवर धाकट्या मलकाने डब्यातलं
लोणच्याचं तेल एका खळग्यात ओतलं होतं.
बाबांनी आजूबाजूला पाहिलं.
गाई होत्या फक्त.
रागावले नाहीत. डबा तेवढा पुसून घेतला.

तान्ह्या पोळ्याला मारबत निघायची, काळी आणि पिवळी.
ईडा पीडा घेऊन जा गे, सगळी इतवारी ओरडायची.
बाबा खिडकी लावून घ्यायचे
आणि फटीतून पाहायचे.
दोन बोकड, दोन चिठ्ठ्या, पुटपुटायचे,
एक त्याच्यासाठी, एक अजाजेलसाठी,
आमचं सगळं पाठीवर लादून, गावाबाहेर.
अजाजेल कोण?
“तिकडे राहणारा कोणीतरी.
आपण पोचायच्या आधीपासूनचा.”

पेसाहच्या आधी कणभर खमीर घरात राहू नये.
डबे, कोनाडे तपासत बाबा आतल्या खोलीत आले
तर आई हिरव्या ट्रंकेवर बसलेली.
“मला उठवत नाही. बाहेरची आहे.”
बाबा थांबले. माझ्याकडे पाहिलं, मग भिंतीकडे.
ती गोष्ट मी फार नंतर वाचली:
बापाच्या घरातले देव चोरून,
उंटाच्या खोगिरात दडवून, वर बसून राहिलेली मुलगी.
हीच सबब.
आईने ती वाचलेली नव्हती.
तिला अक्षरंच यायची नाहीत,
उजवीकडूनही नाही, डावीकडूनही नाही.

ट्रंकेत चांदीचा टाक होता.
भिंतीपलीकडच्या हातमागावरच्या यमुना परातेने दिलेला,
माझ्या आधीची दोन गेली तेव्हा.
“राहू द्या न जी. काही मागत नाही ते.”
देवी कोणती, हे आईने विचारलं नसावं.

टाक. म्हणजे फेकून दे, असंही.
राजांनी तेच केलं होतं,
अशेरेचा खांब उपटून ओढ्याकाठी जाळला,
राख थडग्यांवर उधळली,
आणि गल्लीगल्लीत बायका
आकाशाच्या राणीसाठी पोळ्या भाजतच राहिल्या.

आता दोघंही नाहीत. ट्रंक मीच उघडली.
टाक एका चिंधीत आहे, शेडमधल्या,
अजून ग्रीसचा वास येतो.
वर गाठ. आईची नाही.
प्रार्थनेच्या शालीच्या झालरीला बाबा मारायचे ती,
दुहेरी, मग वेढे, मग पुन्हा दुहेरी.
चाचपून पाहते. आत एक उंचवटा लागतो,
नाक असेल, किंवा मुकुट.
सोडवायला माझी नखं पुरत नाहीत.