मुख्य लाइन

(अंतोफगास्ता, चिली)

डॉक्टर इरिबार्रांनी कागदावर फुप्फुसं काढायला घेतली,
दोन उलटी झाडं, सगळ्यांना दाखवतात तशी.
बाबांनी पेन्सिल मागून घेतली.
"झाड नको," म्हणाले,
"या वाळवंटात झाडं मी बोटांवर मोजलीत.
नळ काढू."

आणि त्यांनीच काढला:
गळ्यातून उतरणारी मोठी लाइन,
तिचे दोन फाटे, फाट्यांचे फाटे,
दोन इंची, एक इंची, अर्धा,
शेवटी घराघरातली तोटी.
"इथं हवा रक्ताला मिळते. बरोबर?"
बरोबर, डॉक्टर म्हणाल्या.
एलेउतेरिओ चोके, एकतीस वर्षं पाणीखात्यात,
विद्यार्थ्यासारखे खूश झाले.

"मग गळती कुठं आहे?"

गळती नाही, वाढ आहे.
आणि वाढीला जात असते, पेशी पाहून कळते.
एक लहान पेशींची,
ती सापडेपर्यंत बहुधा वेस ओलांडून गेलेली असते.
तुमची ती नव्हे.
बाकीच्या सगळ्या 'लहान नसलेल्या'.
("नसण्यावरूनही नाव पडतं?" बाबा हसले, मग खोकले.)
त्यांतली एक ग्रंथींतून उगवते,
कडेच्या वस्तीत, शेवटच्या तोट्यांपाशी,
कधी सिगारेट हातात न धरलेल्या बाईलाही गाठते.
एक मोठ्या पेशींची, कुठल्याच खात्यात न बसणारी.
आणि एक चपट्या, खवल्यासारख्या पेशींची,
जाड नळांच्या आतल्या अस्तरात.

"म्हणजे मुख्य लाइनवर."

हो. मुख्य लाइनवर.

टप्पे त्यांना समजावावे लागले नाहीत.
एकाच घरात असतं तो पहिला.
गल्लीच्या तोंडाशी, जवळच्या गाठीत, तो दुसरा.
तुमचं चौकात आलंय,
दोन्ही फुप्फुसांच्या मधल्या चौकात,
पण अजून आपल्याच बाजूच्या फुटपाथवर.
याला म्हणतात तिसरा, अ.
रस्ता ओलांडला की ब.

चौथ्याचं त्यांनी विचारलं नाही.
शहराबाहेर जाणारी लाइन त्यांना कोण शिकवणार?
डोंगरापासून समुद्रापर्यंत, तीनशेहून जास्त किलोमीटर,
पायी तपासलेली.

"पण मी ओढत नाही," ते म्हणाले, "कधीच नाही."
डॉक्टरांनी पेन्सिल खाली ठेवली.
अठ्ठावन्न साली कुठं होतात तुम्ही?

कुठं म्हणजे?
नव्या नदीच्या पाण्यापाशीच.
बावीस वर्षांचे, इस्त्रीच्या शर्टात,
बँड वाजत होता, पाद्री मंत्र म्हणत होता,
आणि साहेबांनी फीत कापल्यावर
चाक फिरवायला खरा हात लागतो, तो यांचा.
टाकीसमोरच्या रांगा संपल्या. बायकांनी
भांडी अंगणात आणून नुसती भरली, ओतली, भरली.
दोन वर्षांनी मी जन्मले.
माझी पहिली बाटली त्याच पाण्याची.

नदीचं मूळ शोधू नये म्हणतात.
आम्ही शोधलं नाही.
ज्वालामुखींच्या पायथ्याशी तिच्यात सोमल उतरत होता,
आणि विरघळलेला सोमल दिसतो कसा? पाण्यासारखा.
बारा वर्षं.
मग गाळणीचा कारखाना आला, पाणी सुधारलं,
सगळे म्हणाले, झालं गेलं.
आईच्या तळहातांवर तेव्हाच बारीक कठीण दाणे उठले होते.
आमच्यात कुठंतरी पाणी मुरत राहिलं.
चाळीस वर्षं मुरायला लागली.

"डॉक्टर, त्या तुकड्यात दिसतं का,
चाक कुणी फिरवलं?"

नाही, त्या म्हणाल्या. जात दिसते. टप्पा कळतो.
हात नाही दिसत.

बाबांनी नळाचा कागद चार घड्या करून खिशात घातला.
सोमवारपासून औषध, मग किरणं, मग बघू.
बसमध्ये ते खिडकीपाशी बसले, बोलले नाहीत.

घरी आल्यावर, टोपीही न काढता,
त्यांनी स्वयंपाकघरातला नळ सोडला,
दहापर्यंत मोजलं, नेहमीसारखं,
आणि माझ्याकडे न पाहता म्हणाले,
"तूही एकदा छातीचा फोटो काढून घे."

मग तोटी बंद करत, स्वतःशीच,
"आज दाब कमी आहे."