पट्टा

राजेशम बिटलांनी रिक्षातून उतरवला
एक पिवळट पडलेला कॅबिनेट,
सुताचं गाठोडं आणावं तसा खांद्यावर घेऊन आले.
"सीडी आत अडकलीय," म्हणाले. "ट्रे उघडंना झालाय."

साखर पेठेतलं माझं दुकान.
हल्ली मी मोबाइलच्या काचा बदलते,
लोकांच्या जिन्यांवर कॅमेरे लावते.
असला डबा तीन वर्षांत कुणी आणला नव्हता.
काउंटरवरच्या काचा आत ठेवल्या, जागा केली.

बाहेर बेचाळीस.
आधी साध्या गोष्टी बघायच्या, मी तसंच शिकले:
वीज येते का? हिरवा दिवा लागला.
चपटी राखाडी वायर उपसून पुन्हा बसवली,
लाल कड एक नंबरच्या पिनेकडे.
मागचा जंपर, तिळाएवढा,
तोही होता तिथेच.
बटण दाबलं.
आत घर्र, मग टक्, मग काही नाही.
पुन्हा दाबलं.
घर्र. टक्.

यू-पिन सरळ करून
पुढच्या बारक्या भोकात घालणार, तेवढ्यात
"थांबा," म्हणाले. "परत दाबा."
डब्याला कान लावला, डोळे मिटले.

पस्तीस वर्षं जॉबर होते ते, अक्कलकोट रोडला.
ऐंशी मागांच्या खडखडाटात
पाठमोरे उभे राहून सांगायचे, बावीस नंबरला बघा.

"मोटर फिरलालीय," म्हणाले.
"पट्टा घसरलालाय, बाई. ढिला आहे."

चार स्क्रू काढले.
होता. बाहुलीच्या बांगडीएवढा रबरी पट्टा,
चकचकीत, दमलेला.
असला नवीन आता मिळायचा कुठे?
यल्लप्पाच्या टपरीवरून मागवलं
ग्लासभर उकळतं पाणी, बिनपत्तीचं,
आणि पट्टा त्यात सोडला.
"उकळला की आक्रसतो, महिनाभर तरी," म्हटलं.
बिटला हसले, "आम्ही राळ लावायचो."

पाणी निवेपर्यंत बोलत राहिले.
माग किलोवर गेले.
मोर विणायला बाराशे पुठ्ठे लागायचे, भोकाभोकांचे,
दोरीत ओवलेले. अर्धे उंदरांनी खाल्ले.
मग सून आली, भाग्यलता,
तिनं तो सगळा मोर कॉम्प्युटरवर उतरवला, सहा महिने बसून.
"आता कुठं असते?"
"सुरतेला."
एवढंच म्हणाले.
मी काडीला कापूस गुंडाळून
भिंगावरचा कापूस पुसत होते.

पट्टा चढवला, बटण दाबलं.
ट्रे बाहेर आला.
सीडीवर मार्करनं तेलुगूत काही लिहिलेलं.
"नेमली," वाचलं त्यांनी. "मोर."

फायली दिसल्या:
मोर, मोर दोन, मोर दोन नवा,
मोर दोन नवा खरा.
एकही उघडेना.
सॉफ्टवेअर पाठीमागे लावायचं कुलूप मागत होतं,
ते मागांबरोबर भंगारात गेलं असणार.
"पण आत आहे ना?" त्यांनी विचारलं.
"आहे. चारशे केबी."
हे जास्त की कमी, त्यांनी विचारलं नाही.

सगळ्यात खाली एक साधी फाइल होती,
ती मात्र लगेच उघडली. एकच ओळ:
मामय्या, पिसाऱ्यात पाचवा धागा लाल घालू नका,
तुम्ही दर वेळी लालच घालता.

मी वाचून दाखवलं.
त्यांनी परत वाचायला लावलं.

सगळं पेन ड्राइव्हवर उतरवून दिलं.
तंबाखूच्या डबीशेजारी, खिशात गेला तो.
दोनशे म्हटलं, तर अडीचशे ठेवले,
कॅबिनेट खांद्यावर चढवला,
पायरीवर थांबले.

"लालच चांगला दिसायचा," म्हणाले,
माझ्याकडे न बघता,
आणि रिक्षाला हात केला.