दोघांत एक पट्टा

सही करा म्हणाले, इथे, इथे, आणि मागच्या पानावर.
'पडल्यास जबाबदारी माझी राहील'
असं बारीक टायपात.
एकतीस वर्षं चढलो वीज मंडळाच्या खांबांवर,
असा कागद कुणी पुढं केला नव्हता.
आज तीनशे रुपये भरून चढायचं होतं.
नातीचं तिकीट अर्धं.

पालच्या पुढं, सुकी नदीच्या वळणावर
सागांना तारा, अंजनांना फळ्या,
झाडाझाडांत झुलते पूल,
आणि शेवटी टेकाडावर लोखंडी मनोरा.
त्याचे अँगल पाहून मनातल्या मनात बोल्ट मोजले.
खोड जात नाही.

माघ सरत आलेला.
सालईची साल जुन्या बिलांसारखी सुटत होती.
नजमा तडवी नावाची पोर
माझ्या कमरेला पट्टा आवळत होती.
तिचा बाप मध काढायचा म्हणे याच झाडांवरून,
पळसमुळ्यांचा दोर आणि दातांत विडी,
एवढ्यावर.
"बाबा, दोन हुक आहेत. एक काढाल
तेव्हा दुसरा तारेवर पाहिजे.
दोन्ही कधीच मोकळे नकोत. म्हणा बरं."
मी म्हटलं, पाढा म्हणावा तसं.
धनू हसली. हेल्मेटखाली तिचे
पुढचे पडके दात तेवढे दिसले.

पहिली फळी. दुसरी. तिसरी.
पाय काही विसरले नव्हते.
पोटऱ्या जरा कुरकुरल्या,
पण तळव्यांना अजून माहीत होतं
भार कुठं ठेवायचा आणि कुठं नाही.
खाली कुणाचे तरी आईवडील फोटो काढत होते.

पाचव्या झाडाशी वारा आला
आणि तार गुणगुणली.

तो आवाज मी कुठंही ओळखीन.

सुपडू कोळी.
एकोणनव्वदचा मे, वादळाची दुसरी सकाळ.
केळीचे बाग आडवे, तारा बांधावर लोळत,
आणि साहेब म्हणाले, दुपारपर्यंत लाइन चालू पाहिजे.
तेव्हा दोघांत एक पट्टा मिळायचा.
त्या दिवशी पाळी त्याची.
माझा खांब उंच, म्हणून त्यानं सोडून माझ्याकडं फेकला:
"घे रे भो, मी असाच जातो.
खंबा कुठं पळून जातो?"

खांब पळाला नाही.

फळीवर मी किती वेळ उभा होतो कोण जाणे.
मागं रांग लागली, कुणीतरी शिट्टी मारली.
समोरच्या अंजनावरून नजमा ओरडली नाही
'खाली बघू नका' म्हणून, सगळे ओरडतात तसं.
ती म्हणाली, "खाली बघा, बाबा. निवांत.
झाड कुठून वर आलंय ते दिसलं
की पाय आपोआप धरतात."

बघितलं.
बुंधा, दगड, मुंग्यांची वाट,
माझ्या हाताशी अंजनाची डहाळी:
एका देठावर दोन पानं,
मधे एवढीशी फट.
एक हुक काढला. दुसरा तपासला.
पुन्हा तपासला.
मग पाऊल टाकलं.

मनोऱ्यावर धनू आधी पोचली.
उत्तरेला सातपुडा, एकामागं एक, फिकट होत गेलेला.
दक्षिणेला हिरवागार केळीचा पट्टा,
त्यापलीकडं तापी आहे असं धरून चालायचं, धुरकट होतं.
आणि बागांमधून सरळ डोंगराकडं चालत आलेली
खांबांची रांग.
"आजोबा, यातला तुझा कोणता?"
"सगळेच," म्हटलं.
एकाकडं बोट गेलं होतं, ते मागं घेतलं.
तिनं दुर्बीण मागितली, दिली.
तिला दूर कुठंतरी म्हैस दिसली
आणि ती खांबांचं विसरली.

खाली आल्यावर पट्टे परत केले.
नजमानं ते खुंट्यांवर टांगले, मोजले,
वहीत तिरक्या अक्षरात नोंद केली:
माणसं चौदा, पट्टे चौदा.

मी ती ओळ उलट्या बाजूनं वाचली,
मग टेबलाला वळसा घालून सरळ वाचली.
"काही राहिलं का, बाबा?"
नाही म्हटलं.

धनूला उसाचा रस हवा होता. बर्फ न घालता.