एक बटाटा

केळी आधी सोलायची नाहीत.
सालीसकट, दोन-दोन तुकडे करून, कुकरला दोन शिट्ट्या.
चिरण्याआधी हाताला तेल लावायचं, नाहीतर चीक
नखांत काळा होऊन बसतो आठवडाभर
आणि बँकेत सही करताना
समोरचा माणूस हाताकडेच बघतो.

खंडेराव मार्केटात आज सहा घेतली.
भाजीवाला म्हणाला, वेफर? म्हटलं, नाही, करंज्या.
कच्च्या केळ्याच्या करंज्या त्याच्या हिशेबात बसेनात.
माझ्याही बसत नव्हत्या,
दांडिया बाजार सोडून या सोसायटीत येईपर्यंत,
खालच्या मजल्यावर कुमुदबेन भेटेपर्यंत.

जमिनीखालचं काही खात नाहीत त्या.
बटाटा नाही, कांदा नाही, आलं नाही,
ओली हळद नाही. आरारूट? तेही खालचंच.
दिवस बुडाल्यावर पाणीसुद्धा नाही,
म्हणजे पौषात सहाच्या आत
सगळं तळून ताटलीत हवं.

दुपारभर लीलवा सोलले.
आई तुरीचे ओले दाणे म्हणायची; माझ्या तोंडात आता लीलवाच येतं.
भरड वाटले. तेलात हिंग, तीळ, हिरवी मिरची,
वरून खोबरं, लिंबू, चिमूटभर साखर.
चिमूट म्हणता म्हणता चमचा झाला. हे शहर
साखरेच्या बाबतीत आपलं ऐकत नाही.

आता सांगते.
गेल्या पौषात पारी फाटत होती.
केळं एकटं धरत नाही. ताणलं की चिरतं,
तेलात गेलं की तोंड उघडतं
आणि सारण कढईभर.
साडेपाच झाले होते, खालून दोनदा हाक आली होती.
टोपलीत एक बटाटा होता,
सकाळी उकडलेला, आमच्या ह्यांच्या उपासातला.
तो मी घेतला, किसला, मळला.
पारी कशी वागली म्हणून सांगू!
कातण्याने कड कापली, एक दात तुटला नाही.

चार खाल्ल्या त्यांनी.
पाचवी रुमालात बांधून खाली नेली, उजेड होता तोवर,
रमणिकभाईंसाठी.
मग महिनाभर सोसायटीत सांगत होत्या,
घुघरा तो वैजूबेनना.
किसणी मी त्या रात्री तीनदा घासली.
होळीच्या अलीकडे रमणिकभाई गेले,
आणि ती पाचवी करंजी कुठे ठेवायची
ते मला अजून कळलेलं नाही.

आज बटाटे घरातच आणले नाहीत.
तांदळाची पिठी, मीठ, मोहन,
गरम असतानाच मळलं, तळहात भाजले.
तेलाचं मात्र विसरले, चीक बसला तो बसलाच.
ओलं फडकं. कडेला पाण्याचं बोट.
कातणं नको म्हणून हातानेच मुरड घातली.
फाटल्या.
सगळ्या नाही, अकरातल्या सात.
चिरेतून लीलवा बाहेर डोकावत होता,
हिरवा, जळायच्या बेतात.

पाच चाळीसला कुमुदबेन आल्या, काठी टेकत, दोन जिने,
गुडघ्याच्या ऑपरेशननंतर पहिल्यांदाच.
खिडकीतून आधी सूर्य कुठे आहे ते पाहिलं, मग खुर्ची.
मी धड होत्या त्या चार पुढे ठेवल्या.
एक मोडली, फुंकली, खाल्ली,
बराच वेळ चावत राहिल्या.

"गई वखते वधारे सारा बन्या'ता."

हो, म्हटलं.
सगळं अगदी दातांच्या मागे येऊन उभं होतं.
बाहेर टाकीच्या कडेला सूर्य टेकला होता
आणि त्यांच्या ताटलीत अजून तीन होत्या.
"आ वखते एकलां केळां छे," एवढंच बोलले.

त्यांनी वर पाहिलं. माझ्याकडे नाही,
माझ्या नखांकडे.
मग म्हणाल्या, फाटेला पण लावो.

कळलं की नाही, मला माहीत नाही.
सहा वाजून पाच मिनिटांनी
त्यांनी पाण्याचा शेवटचा घोट घेतला, पेला उपडा घातला.
ताटलीत एक उरली होती.
रुमाल कमरेलाच खोचलेला होता.
त्यांनी तो काढला नाही.