दोन गुणांची टीप

दांडेकर पुलाजवळची महापालिकेची शाळा, सातवी ब.
पंख्याला दोनच पाती.
धडा अकरावा, समाजसुधारक:
लंबगोल चौकटीतले चेहरे,
कुणाची पगडी, कुणाचा जाड काड्यांचा चष्मा,
एका बाईंचा डोक्यावरचा पदर तेवढा दिसतो,
चेहरा छापखान्यातच पुसला गेलाय.

दरवर्षी सांगतो तेच सांगितलं,
जन्म, कार्य, मृत्यू,
रस्त्यात अंगावर आलेलं शेण,
आणि फळ्यावर लिहिलं: टीप लिहा. गुण दोन.

तौफिक बागवाननं हात वर केला.
"सर, शेण ज्यांनी फेकलं
त्यांची नावं कुठल्या पानावर आहेत?"

वर्ग हसला. मीही.
मग हसू जिरलं
आणि प्रश्न तसाच उभा राहिला,
वर्गाबाहेर काढलेल्या पोरासारखा, दाराशी.

याच शहरातली असणार ती माणसं.
घरी जाऊन हात धुतले असतील,
चूळ भरली असेल,
आणि पोरांना पाढे म्हणायला बसवलं असेल.
हे मी बोललो नाही.
पुस्तकाबाहेरचं बोलायला तास पुरत नाही,
असं आम्ही शिक्षक म्हणतो.

मागून प्रणिता आडागळे उठली.
"सर, आमच्या आईचं येईल का पुस्तकात?
कचरा वेचते ती. पण ओळखपत्र आहे तिच्याकडं, फोटोवालं.
त्याच्यासाठी अकरा दिवस बसल्या होत्या बाया
हापिसाच्या पायरीवर.
मी पोटात होते.
आई म्हणते, तू पण बसली होतीस."

साल कोणतं, मी विचारलं.
सवय. सनावळीशिवाय आम्हाला काही खरं वाटत नाही.

"साल नाही माहीत. ऊन होतं.
रसवंतीवाल्यानं बर्फ दिला, पैसे नाही घेतले.
पाचव्या दिवशी दोघी भाकरीवरून भांडल्या,
एक निघून गेली.
आठव्या दिवशी परत आली, कांदे घेऊन."

त्या शुक्रवारी माझ्या टेबलावर अर्ज.
मुलींच्या स्वच्छतागृहाला कडी नाही.
दर वेळी एकीला बाहेर दार धरून उभं राहावं लागतं,
तिचा तास बुडतो.
शेवटी 'कळावे'च्या जागी
'कळलेच पाहिजे'.
खाली एकेचाळीस सह्या, एक अंगठा,
त्याच्याखाली एक ओळ मोकळी,
तिच्यापुढे कंसात: सर.

मी लाल पेन काढलं.
'स्वच्छता'मधला निसटलेला च जोडला.
मग टोपण लावलं.
बदलीची यादी पुढच्याच महिन्यात.
फुरसुंगीला टाकलं तर दोन बस.

शनिवार-रविवार अर्ज पिशवीत राहिला, वांग्यांच्या शेजारी.

सोमवारी कुणी काही विचारलं नाही.
प्रणितानं दुसरी प्रत पुढे ठेवली,
सगळ्या सह्या नव्यानं, अंगठासुद्धा.
"आई म्हणते, पहिला कागद हरवतोच."

मी सही केली. निळ्या पेनानं.
हात थरथरला वगैरे काही नाही,
नाव फक्त नेहमीपेक्षा बारीक आलं.

कडी अजून बसलेली नाही.
पोच मिळालीय, गोल शिक्का, आवक क्रमांक.
प्रणिता ती वहीच्या खाकी कव्हरात ठेवते
आणि मधूनच काढून बघते, शिक्का उडाला तर नाही ना.

तौफिकला उत्तर मी अजून दिलेलं नाही.
सहामाहीला तीच टीप घातली, दोनच गुण.
पण आता कुणी दार धरायला गेली
की मी वाक्य अर्ध्यावर थांबवतो,
खडू हातात.
पोरं चुळबुळतात, पंखा करकरतो,
तास वाया चालल्यासारखा दिसतो.
दोघी परत येतात, हात ओले,
बसतात.

मग पुढचा शब्द.