पाय लागला तर

फरशीवर खडूनं मी एक पाटी काढली,
दारालगत, उजेड तिथंच होता.
आत मरिया, मांडीवर लेकरू. लेकराचं नाक जरा मोठं झालं.
रविवारच्या शाळेची सोळा पोरं हसली.

जपानात, मी म्हटलं,
वर्ष उजाडलं की गावाची ओळ लागायची.
समोर पितळेची अशी पाटी, शेजारी वही घेऊन कारकून.
पाय द्यायचा आणि घरी जायचं.
नाही दिला, तर क्रूस.
नाहीतर भरतीच्या पाण्यात रोवलेला खांब.
उकळते झरेही होते. ते मी गाळले.

हिवाळ्यांचा धाकटा म्हणाला,
"पण बाई, पाय लागला तर पाया पडतात ना?"
आणि बोटं फरशीला लावून कपाळाला नेली,
आपण वहीला नेतो तशी,
एसटीत धक्का लागलेल्या परक्या माणसाला नेतो तशी.

मग ठरवलेलं राहिलं बाजूला.
बऱ्याच जणांनी पाय दिला, मी सांगितलं.
घरी येऊन पाय धुतले
आणि ते पाणी प्याले, असं म्हणतात.
पुढं अडीचशे वर्षं ना पाद्री, ना पुस्तक.
आईकडून लेकीकडं गेलेली प्रार्थना,
पितळेसारखीच झिजलेली,
नाकडोळे पुसट.

हे सांगितलं नाही:
तासगावला माझं नाव शाळेत घालताना
हेडमास्तर म्हणाले, चांगल्या मनानंच,
"आवळे, धर्माच्या रकान्यात ते नको. फी माफ होणार नाही."
अण्णांचं अक्षर मोत्यासारखं.
त्या एका शब्दात तेवढं ते बिघडलंय,
दाखला अजून आहे माझ्याकडं.
संध्याकाळी न्हाणीत कितीतरी वेळ तांब्या वाजत होता.
काय धुतात, आईनं विचारलं नाही.
जेवणाआधीची प्रार्थना त्यांनीच केली,
भिंतीपलीकडं जाणार नाही एवढ्या आवाजात.

त्या माफीवर मी शिकले.
चौतीस वर्षं मिरजेच्या दवाखान्यात पाय धुतले:
साखरेनं काळे पडलेले,
उसाच्या फडात कोयता बसलेले.
कुणाचा रकाना कुठला, पट्टीखाली कळत नाही.

"बाई, मग पाय दिलेले स्वर्गात गेले का?"

घंटा झाली.
पोरं एकेक करून पाटीवरनं उड्या मारत पळाली,
सोळाच्या सोळा, कुणाची टाच लागली नाही.

खोलीला दार एकच.
माझ्या गुडघ्यांना उडी झेपत नाही.
मी सपाता काढल्या.